पहिल्याच पुस्तकाचा मान

दुसऱ्यांदा शेंगोळे वाढून झाले तरी आबासाहेबांनी पुस्तकाचा विषय काढला नव्हता. कुळीथ घरचाच का, प्रवरेला पाणी किती, शाळेत मुली किती येतात, असं सगळं विचारून झालं. कानिफनाथ गुरुजी नुसतेच घास चिवडत होते.

पाहुणा साधा नव्हता. मुलांच्या पुस्तकांना पुरस्कार देणाऱ्या मंडळाचा तो परीक्षक. गुरुजींची ‘पोवळ्याचा माग’ ही कादंबरी अजून बाजारात यायची होती. घोडेगावच्या बाजारात विकला गेलेला पोवळ्या बैल शोधायला निघालेल्या दोन भावंडांची ती गोष्ट. नगरच्या छापखान्यात छपाई झाली होती, बांधणी राहिली होती. प्रकाशकानं सुटी पानंच मंडळाकडे धाडली आणि एकाहत्तर सालचा नवोदितांचा पुरस्कार गुरुजींना ठरला.

अट एकच होती. लेखकाचं ते पहिलंच पुस्तक हवं. त्याची खातरजमा करायला एक परीक्षक लेखकाच्या घरी जाऊन येई आणि मगच नाव जाहीर होई.

गावाला एवढा धीर कुठला! कुणी त्या पुस्तकाचं पानही पाहिलं नव्हतं, पण सरपंच कारभारी यांनी देवळापुढं मांडव घातला, वाजंत्री सांगितली आणि आजच संध्याकाळी सत्कार ठरवून टाकला. गुरुजींच्या घरी सकाळपासून चहाचं आधण उतरलं नव्हतं.

गुरुजींना मात्र तो मांडव नको झाला होता. कारण हे त्यांचं पहिलं पुस्तक नव्हतंच.

एसटी स्टँडवर ‘शशिराज’ या नावानं रहस्यकथांची छोटी पुस्तकं मिळत. मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेली चंचला नावाची बाई. शशिराज असा माणूसच नव्हता. ते नाव त्या रहस्यकथांच्या प्रकाशकानं पाळलेलं, लिहिणारा कुणीही असो, आणि त्या नावाखाली गुरुजींनी चांगली सात-आठ पुस्तकं लिहिली होती. पोटासाठी म्हणावं, तर त्यातून पोट काही भरलं नाही. खरी गोष्ट अशी, की लिहिताना त्यांना मजा येत होती. हे बायको आणि त्या प्रकाशकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळामास्तर असलं लिहितो हे उघड झालं असतं, तर पुरस्कार राहिला बाजूला, नोकरीवरच गदा आली असती.

त्यातून समोर आबासाहेब. निवृत्त मुख्याध्यापक आणि भलते कडक. मुलांच्या दप्तरांतून असली पुस्तकं हुडकून ती बंबात घालणारा माणूस, अशी त्यांची जिल्हाभर ख्याती होती.

हात धुऊन आबासाहेब बाजेवर बसले. सुपारी कातरत त्यांनी विचारलं, “मास्तर, हे पहिलंच ना?”

“होय.”

चुलीपुढं गुरुजींच्या बायकोचा, राहीबाईंचा हात थबकला.

“छान लिहिलंय. पण एक गंमत सांगू? तुमचं प्रत्येक प्रकरण संपताना कुणाच्या तरी हातातला कंदील विझतो.”

“आमच्याकडं वारा फार, साहेब.”

“आणि मग अंधारात कुणीतरी हळूच खाकरतं.”

गुरुजींनी पाहुण्यापुढचा तांब्या उगाच सरळ केला.

“शशिराज वाचलाय कधी?”

“नाव ऐकलंय.”

“मी वाचलाय. एकूण एक.”

तेवढ्यात कारभारी दारात उभे. “सायेब, गुरुजींना फेटा गुलाबी बांदायचा का केशरी? दोन्ही हायेत.”

“जरा थांबा,” आबासाहेब म्हणाले. “आमचं बोलणं व्हायचंय.” कारभारी हसतच मांडवाकडे परतले.

राहीबाई पदर सावरत पुढे आल्या. “खोटं कशापाई बोलायचं? त्या पिस्तूलवाल्या बाईच्या गोष्टी ह्यांनीच लिवल्यात. पर सायेब, तवा हे हसत हसत लिवायचे. बैलाची गोष्ट लिवताना चार-चार दिस जेवले न्हाईत. त्या गोष्टीत काय बी खोट न्हाई.”

“राही!” गुरुजी ओरडले खरे, पण त्या आवाजात राग नव्हता. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

“ती म्हणते ते खरं आहे, साहेब,” ते म्हणाले. “मी खोटं बोललो. मंडळाला कळवा, पुरस्कार काढून घ्या. फक्त आजचा दिवस गावाला काही सांगू नका. पोरं सकाळपासून पताका लावतायत. उद्या माझा मीच सांगेन.”

आबासाहेब उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आता काय ऐकावं लागणार, म्हणून गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले.

“शशिराज जन्मला कधी, मेला कधी?” आबासाहेबांनी विचारलं.

“म्हणजे?”

“जो माणूस जन्मालाच आला नाही, त्याची पुस्तकं तुमच्या नावावर कशी मांडायची? कानिफनाथ गुरुजींचं हे पहिलंच पुस्तक. मंडळाला मी तसंच सांगणार.”

राहीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गुरुजी खाली वाकून पाया पडू लागले, तसे आबासाहेबांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं.

“एक सांगा,” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “चंचला भंडारदऱ्याच्या धरणात बुडते, त्याच्या पुढच्या कथेपासून तुम्ही लिहायला लागलात ना?”

“होय. प्रकाशक म्हणाले, आधीच्या लेखकानं लिहिणं सोडलंय, कसंही करून तिला वर काढा.”

“फार बरं केलंत,” आबासाहेब म्हणाले. “मुख्याध्यापकाची नेमणूक हातात पडली, म्हणून मला तिला बुडवावं लागलं होतं.”