हिरवं लेबल

"आजारी भावंडाला लाल लेबल, धडधाकट भावंडाला हिरवं," नर्सने सांगितलं. मनाच्या आजाराची काही खूण रक्तात सापडते का, एकाच घरात तो एकाला होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, यावर रुग्णालयात संशोधन चाललं होतं.

"म्हणजे आज रिपोर्ट नाही?" भावाने विचारलं.

"रिपोर्ट मिळणारच नाही. एकट्याच्या रक्तावरून अजून काही सांगता येत नाही. खूप जणांचं रक्त शेजारी ठेवून बघायचंय."

"मी बाई हिरवी," ताई म्हणाली. "घरात कुणीतरी हिरवं हवंच. नाहीतर याला गोळ्या कोण देणार?"

तो हसला आणि सवयीने त्याने हसू आवरलं. तो जरा मोठ्याने हसला, की घरात सगळे एकमेकांकडे बघायचे. नवे बूट आणले तर ताई हळूच विचारायची, "एकच जोड आणलास ना?" आणि रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना तिचा ठरलेला प्रश्न: "झोप किती झाली?" उत्तर येईपर्यंत ती कप सोडायची नाही.

त्याचं रक्त घेऊन झालं. नळीला लाल लेबल लागलं. मग ताई खुर्चीत बसली, बाही वर सारली.

"झोप कशी आहे?" नर्सने तिला विचारलं.

"छान. वेळेवर आडवा होतो, सकाळी हाका माराव्या लागतात. मी बघते ना अधूनमधून उठून."

"यांची नाही. तुमची."

"माझी?" ताईला गंमत वाटली. "माझं काय. मला हल्ली झोप लागतच नाही, आणि लागावी असं वाटतही नाही. घरातले सगळे पडदे शिवून काढले. आता शेजारणीचे घेतलेत. तुमच्या खिडकीचं माप देऊन ठेवा, हा पडदा अगदीच रडका आहे. आणि ही खुर्ची ना, इथे नाही, तिकडे हवी..."

नर्स हसत सुई टोचून मोकळी झाली. बोलक्या माणसांची तिला सवय होती.

भाऊ हसला नाही. याचं सगळं सांभाळून ही केवढी कामं उपसते, म्हणून घरी तिचं कौतुक चाललं होतं. त्यानेही केलं होतं. आता तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. जागरणाचा थकवा कुठेच नव्हता. डोळ्यांतली ही चमक त्याने पूर्वी पाहिली होती. आरशात.

सुई निघाली. कापूस धरायचं ताईच्या लक्षातच आलं नाही. ती बसल्या जागी वितीने हवेत खिडकीचं माप घेत होती. भावाने तिचा हात खाली घेतला आणि कापूस दाबून धरला.

"ताई, काल झोप किती झाली?"

"अरे, आत्ताच सांगितलं ना..."

त्याने हात सोडला नाही.

ताई बोलायची थांबली. नर्सने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. हिरवं लेबल नर्सच्या बोटालाच चिकटून राहिलं होतं.