आईच्या खोलीतली तपासणी

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बीच्या वृद्धाश्रमात नेव्हिल विजेची उपकरणं तपासत होता, परीक्षक बाई मागे उभ्या होत्या. आजचं काम चोख ठरलं, तरच त्याच्या छोट्या कंपनीला अधिकृत मान्यता मिळणार होती. शेवटची खोली त्याच्या आईची. ती आता त्याला ओळखत नसे. तिच्या मांडीवरचं, वडिलांनी आणलेलं, ऊब देणारं विजेचं पांघरूण एका जागी करपलं होतं. नेव्हिलनं नापासची लाल चिठ्ठी चिकटवली, ते पुन्हा कुणी लावू नये म्हणून प्लग कापायला पक्कड काढली. आईनं त्याचं मनगट धरलं. “मेल्या, ह्यांनी दिलंय ते! माझा मुलगा येऊन नीट करेल. विजेतलं सगळं कळतं त्याला.” परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, “हवं तर त्या झोपल्यावर कापा.” “तोवर पेटलं तर?” म्हणत त्यानं वायर कापली. बाईंनी मान्यता दिली. आई पांघरूण छातीशी धरून रडत म्हणाली, “माझ्या नेव्हिलनं असं कधीच केलं नसतं.”