प्रार्थनागृहाच्या सात काचा

तिसरी काच फुटली तेव्हा मावशी हातातलं धुणं टाकून धावल्या. चौथी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. प्रार्थनागृहाच्या भिंतीशी रेडिओ नावाची पोर उभी होती, हातात कुदळीचा दांडा. ती चिडलेली नव्हती. चादरींच्या घड्या घालताना तिचा चेहरा जसा असायचा, तसाच आत्ताही होता. खिडक्यांतली गीतांची पुस्तकं तिने आधीच उचलून बाकावर नीट रचून ठेवली होती. लहान मुलींना अंगणात पिटाळलं होतं. पाचवी, सहावी, सातवी. मग तिने दांडा कोपऱ्यात टेकवून ठेवला आणि काचांच्या सड्यात तशीच उभी राहिली.

घरातून पळालेल्या, नशेला लागलेल्या, पोलिसांनी आणून सोडलेल्या मुलींसाठी चर्चने चालवलेलं हे घर. मावशी तिथल्या मेट्रन, पंधरा वर्षं. सतरा वर्षांची ही पोर गेल्या वर्षी आली, तेव्हा पहिले दोन महिने तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हणून बाकीच्या मुलींनी तिचं नाव रेडिओ ठेवलं. पुढे ते नाव खरं ठरलं. सकाळच्या उपासनेत पहिला सूर तिचा असायचा. जेवणाआधीची प्रार्थनाही तीच म्हणायची, आणि ती इतकी लांबवायची की ताटातलं गार व्हायचं आणि मुली एक डोळा उघडून एकमेकींकडे बघायच्या.

आज ती घरी जाणार होती. आई वारल्यापासून तिचं असं एकच माणूस उरलं होतं, सावत्र बाप. आपण दारू सोडली, देवाला शरण आलो, आता लेकीला सांभाळायचं आहे, अशी पत्रं त्याने हे घर बघणाऱ्या पास्टरना वर्षभर लिहिली. गेल्या रविवारी पास्टरनी उपासनेत ही बातमी सांगितली, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून रेडिओ गायची थांबली. मंगळवारपासून तिचं ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. काल भांडी विसळताना तिने मावशींना विचारलं होतं, इथून गेलेल्या मुलींना बघायला तुम्ही कधी जाता का. एवढ्या मुली, कुठे कुठे पुरी पडणार मी, असं मावशी म्हणाल्या होत्या. जायची वेळ आली की सगळ्याच मुलींचं जेवण सुटतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

अकराच्या ठोक्याला तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत मुलींसाठी बिस्किटांचा डबा. पास्टर त्याला घेऊन प्रार्थनागृहापर्यंत आले आणि दारातच थबकले. बापाने मात्र डबा खाली ठेवून हात जोडले. त्याचे डोळे भरून आले. दोष माझा आहे, मीच पोरीला वाऱ्यावर सोडलं, काचा मी नव्या बसवून देतो, पण हिला शिक्षा करू नका, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पास्टर मऊ मनाचे. नासधूस करणाऱ्या मुलीला घरी न सोडता इथेच अडकवून ठेवायचं की माफ करायचं, हे त्यांच्याच हातात होतं. क्षमा करायला याहून चांगला दिवस कुठला, असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि रेडिओची कपड्यांची पेटी आणायला सांगितली.

"मला माफ करू नका," रेडिओ म्हणाली.

पश्चात्ताप झाला की माणूस असंच बोलतं, असं पास्टर बापाला हळूच म्हणाले. बाप पुढे आला. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला आणि चल बाळ म्हणाला. रेडिओ हलली नाही. ती श्वासही घेत नसावी. मावशी तिच्या पायाशी वाकून काचा गोळा करत होत्या, म्हणून फक्त त्यांनाच दिसलं. तिच्या मुठीत काचेचा निळा तुकडा होता, आणि ती मूठ सावकाश आवळत चालली होती. बोटांच्या फटींतून रक्त ठिबकत होतं. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. प्रार्थनागृहात त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. बाहेरही नाही. स्वयंपाकीणबाईंना "छान झालंय" म्हणतानासुद्धा त्यांची जीभ अडखळायची.

"पास्टर, एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "मी अडवायला गेले तेव्हा हिने माझ्यावर हात उचलला."

पास्टरांचा चेहरा उतरला. काचा त्यांना माफ करता येत होत्या, हे नाही. घरातल्या कामाच्या माणसावर हात उचलणाऱ्या मुलीला पुढचे आठ महिने कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, हा समितीचा नियम होता, आणि तो मोडायची मुभा पास्टरनाही नव्हती. मावशी म्हणतात ते खरं का, असं त्यांनी रेडिओला विचारलं.

तिने मावशींकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली.

पास्टरनी उसासा टाकला आणि बापाच्या पाठीवर थोपटलं. आठ महिनेच तर आहेत, प्रार्थना करत राहू, दिवस भुर्रकन निघून जातील, असं ते म्हणाले.

बापाने तिच्या मानेवरचा हात काढला. त्याच्या डोळ्यांत आता पाण्याचा थेंब नव्हता.

"आठ महिन्यांनी काय उपयोग?" तो म्हणाला. "तोवर तिला अठरा पूर्ण होतील. मग ती कशाला येईल माझ्याबरोबर?"