दिवसाउजेडीचं जेवण

लघवीच्या बाटल्या वाटल्या तेव्हाच बराकीतल्या पोरांच्या मनात पाल चुकचुकली. सगळी विशीतली, खटल्याची वाट बघत तुरुंगात पडलेली. ही गुप्तरोगाची तपासणी आहे, नाव बाहेर फुटणार नाही, असं खानापूरच्या नर्स मंगलबाईंनी दोनदा सांगितलं. पण सरकार आपली फुकट काळजी करील, यावर कोण विश्वास ठेवणार?

"गांजा धरायला आल्यात," सूरज म्हणाला. त्याचा जामीन तोंडावर आला होता. "समद्यांनी वीरेंद्रची भरा."

वीरेंद्र सदलग्याचा जैन पोरगा. गांजा सोडाच, तो कांदाही खात नसे आणि दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नसे. म्हणून हवालदार गुंडू त्याला रोज उन्हं असतानाच एकट्याला कोठीत जेवायला न्यायचा. हवालदाराला सगळे मामा म्हणायचे, तेव्हा वीरेंद्र झाला मामाचा जावई. या थट्टेवर तो कधी हसला नाही. आताही त्यानं निमूट मग भरून दिला आणि पोरांनी तो वाटून घेतला.

आठवड्यानं मंगलबाई परत आल्या. झाडून सगळ्या बाटल्यांत परमा, म्हणजे गुप्तरोगच, निघाला होता.

"एकाच्याच हाईत ह्या, एवढं कळतंय मला," त्या म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. ज्याला असेल त्यानं मागाहून येऊन इंजेक्शन घ्यावं, बरा होतो, असं त्यांनी समजावलं. रोग ताजा आहे, संबंधातूनच लागतो, हेही सांगितलं.

बाईंची पाठ वळताच पोरं खिदळली. सोवळा लई छुपा रुस्तम निघाला म्हणाली. सूरजही हसला आणि मध्येच थांबला. वीरेंद्र वर्षभर आतच होता. भेटीला येणारी एकटी आई, तीही जाळीपलीकडे. पोरं एकमेकांकडे संशयानं बघू लागली. पण बराकीत रात्रंदिवस सगळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असत. वीरेंद्र एकटा बाहेर जायचा तो फक्त जेवायला. आपण त्याला जावई म्हणत होतो, हे आठवून सूरजला स्वतःचीच शरम वाटली.

वीरेंद्र इंजेक्शन घेऊन आला. कुणाकडून लागला, हे त्यानं बाईंना सांगितलं नव्हतं.

उन्हं कलली. दाराशी किल्ल्या वाजल्या.

"वीरेंद्र, चल रं जेवायला. दिस मावळायला आला."

वीरेंद्र सवयीनं उठला. सूरज त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. जामीन आठवत होता, तरी.

"मामा, आजपासनं आमी समदीच दिवसाउजेडी जेवणार."

मागं एकेक करून सगळी पोरं उठली. गुंडूची किल्ली कुलपात अर्धीच फिरून थांबली.