चाळीस घोडे

"जनावरांच्या डॉक्टरचा दाखला मागतायत," भाचीने फोन खाली ठेवत सांगितलं. "आपल्या घोड्यांना रोगबिग नाही असा."

कारखान्यातल्या सुतारांचे रंधे थांबले. घोडे लाकडाचे होते, पोरांनी बसून झुलायचे. चाळीस नग परदेशी बंदरात पोचलेही होते. पण माल कुठे तयार झाला हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर 'लाकडी' हा शब्दच नव्हता. नुसतंच 'घोडे, नग चाळीस'. तिथल्या कस्टमने कंटेनर अडवला होता, आणि आज संध्याकाळपर्यंत तो सुटला नाही तर गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करणार होतं.

महिन्याभरातली ही तिसरी चूक. आधी देश चुकला, मग वजन. मावशीने कागदपत्रं सांभाळायची आणि भाचीने खेपा घालायच्या, अशी दोघींची वाटणी होती. त्यामुळे दर वेळी चुकीचं प्रमाणपत्र जमा करून त्याऐवजी नवं आणायला भाचीच व्यापार मंडळाच्या कचेरीत जायची.

मावशी मात्र निवांत होती. "घोडे काही चारा मागत नाहीत बंदरात. जाऊन ये. आणि खरं सांगू? तो खिडकीवरचा कारकून मुद्दाम चुका करतोय. तू परत यावीस म्हणून."

"काहीतरीच तुझं."

"मागच्या खेपेला चहा पाजला की नाही त्यानं?"

पाजला होता. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत थांबा म्हणाला होता, आणि शाई वाळून तास उलटला तरी दोघांच्या गप्पा संपल्या नव्हत्या.

भाची तडक निघाली. कचेरीचा जिना चढताना तिने चार खरमरीत वाक्यं जुळवली. कानातले नवे डूल तेवढे एकदा नीट केले.

खिडकीशी उभ्याउभ्याच तिने नव्या प्रमाणपत्राचा अर्ज भरला, जुनं प्रमाणपत्र पुढे सरकवलं आणि विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम करता का?"

कारकून कानापर्यंत लाल झाला. त्याने आधी काम उरकलं. 'पूर्वीचे रद्द, त्याऐवजी हे' असं नवं प्रमाणपत्र छापलं, शिक्का मारला, प्रत कस्टमला पाठवली. अर्ध्या तासात तिकडून होकार आला. कंटेनर सुटला. भाचीचा जीव भांड्यात पडला, पण चेहरा तिने कडकच ठेवला.

"मला वाटत होतं, चुका तुम्हीच करताय," तो हळूच म्हणाला. "परत यायला. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटत नव्हतं."

"मी?"

"अर्जात असेल तेच आम्ही उतरवतो. एक अक्षर बदलायची मुभा नसते."

त्याने फाईल उघडून तिच्याकडे वळवली. चुकलेले तिन्ही अर्ज मावशीच्या गोल गोल अक्षरात होते, आणि शेवटच्या अर्जात 'घोडे'च्या आधीचा एक शब्द पांढऱ्या शाईने अगदी नीटनेटका झाकलेला होता.