भरवशाची गाडी

मिस्त्रींचा थोरला देशी गाडीवाला, धाकटा परदेशी. घरी जमले की दोघांची जुंपायचीच. "सात वर्षांत एकदाही वाटेत उभी राहिली नाही," थोरला म्हणायचा. "मला तर बॉनेटसुद्धा उघडावं लागलेलं नाही," धाकटा कडी करायचा. मग दोघं मिळून बापाला विचारायचे, "बाबा, तुम्हीच सांगा, भरवशाची कुठली?" गॅरेजात जन्म घालवलेले मिस्त्री नुसते हसायचे.

मंगळवारी सकाळी आईच्या छातीत कळ आली. मिस्त्रींनी दोघांनाही फोन लावला. "दुसरं काही बघू नका, निघालोच," दोघंही म्हणाले. चपला घालून आई तासभर दारात बसून राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी टॅक्सी आणली, पण तोवर फार उशीर झाला होता.

"नेमकी आजच बॅटरी बसली. नवी टाकून आलो," थोरला रडत म्हणाला.

"माझ्या इंजिनाचा पट्टा तुटला. तो बदलेपर्यंत..." धाकट्याने डोळ्यांना रुमाल लावला.

आईला पोचवून सगळे परतले, तसे मिस्त्री घरात न शिरता फाटकापाशीच थांबले. चाव्या मागून घेऊन त्यांनी दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडली. थोरल्याच्या बॅटरीवर कित्येक महिन्यांची पांढरी बुरशी चढलेली होती. धाकट्याचा पट्टा जुनाच, भेगाळलेला, जागच्या जागी होता. दोन्ही गाड्या पहिल्याच चावीला सुरू झाल्या.

"बाबा, आज कसल्या गाड्या बघताय?" थोरल्याने विचारलं.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"तुम्ही नेहमी विचारायचात ना. दोन्ही भरवशाच्या आहेत."