आडवी गाडी

गॅरेजवालीनं धुऊनपुसून तयार ठेवलेली भाड्याची मोटरसायकल फरशीवर आडवी केली आणि ताईला म्हणाली, "उचला."

ताईला आधी ती थट्टाच वाटली. परका मुलुख, दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं. पण बाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एकट्यानं निघणाऱ्याला ती सामानासकट गाडी अशी आडवी करून द्यायची. पुढं डोंगरात दिवस दिवस चिटपाखरू भेटत नाही, तिथं गाडी पडली तर मी काही उचलायला येणार नाही, म्हणाली. जमलं तर किल्ली घ्या, नाही तर पैसे परत घ्या आणि आल्या वाटेनं जा.

ताईनं बाह्या सरसावल्या. वाकून हँडल धरलं आणि जीव खाऊन ओढलं. गाडी वीतभर उठली, तिथं जरा विचार केल्यासारखी थांबली आणि मटकन पुन्हा बसली. दुसऱ्या खेपेला तर तेवढीसुद्धा हलली नाही. पन्नाशीला टेकल्यावर लोकांचं हसू झेलत शिकलेली गाडी, घरातून भांडून मिळवलेले तीन आठवडे, सगळं त्या तेलकट फरशीवर आडवं पडलं होतं. गॅरेजवालीनं समजूतदारपणे दुसरीकडं बघितलं, ते ताईला जास्तच लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या भावाचा.

बाबांची एक बाजू लुळी पडल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचं सगळं ताईच करायची. निघताना धाकट्यानं मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "जा तू बिनधास्त, त्यात काय एवढं?" तोच आता रडकुंडीला आला होता. बाबा पलंगावरून घसरले होते. लागलं काही नव्हतं, पण जमिनीवर बसून होते आणि ह्याला काही केल्या उठवता येत नव्हतं.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, ताई. तू परत ये. आजचंच विमान बघ."

गाडीकडं बघत ताई म्हणाली, "आणि मी पोचेपर्यंत बाबांना तसंच जमिनीवर बसवून ठेवणार आहेस का रे? फोन स्पीकरवर टाक. कसं उचलतोयस?"

"समोरून. दोन्ही हात धरून ओढतोय."

"अरे, खांदा निखळेल त्यांचा! मागं जा. उकिडवा बस. काखेतून हात घाल आणि छातीशी घट्ट धर."

"म्हणजे कसं?"

"मिठी मार."

ह्या बापलेकांनी एकमेकांना जवळ घेतल्याचं ताईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाबांचा हात त्याला लागला असेल तो लहानपणी, पाठीत.

"मारलीस?"

"हं."

"आता हातांनी ओढू नकोस. हातांत काही दम नसतो. मांड्यांवर जोर दे आणि तूच उभा राहा. ते तुझ्याबरोबर येतील."

धडपड ऐकू आली. कण्हणं, मग पलंगाची ओळखीची करकर. ताईनं रोखलेला श्वास सोडला. धाकटा धापा टाकत होता.

"ताई, तू हे रोज…" एवढंच म्हणाला.

"बाबांना दे," ती म्हणाली.

बाबांना एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. कुठं आहेस, हे त्यांनी विचारलं नाही. ताई गाडीवरून लांब जाणार, हे त्यांना तिनंच सांगितलं होतं आणि तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं.

"पडलीस तर," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "तुला… कोण उचलणार?"

"जेवून घ्या वेळेवर," असं काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला आणि बाकावर टाकला.

मग ती गाडीपाशी गेली. या वेळी हँडलशी झटायला गेली नाही. गाडीकडं पाठ करून उकिडवी बसली. कंबर सीटला भिडवली, एका हातानं हँडल धरलं, दुसरा मागं सांगाड्याखाली घातला आणि तिला अंगाला घट्ट लावून घेतलं. मांड्या पेटल्या. एकेक पाऊल मागं सरकत ती उठली आणि तिच्या पाठीला लागून ते सगळं धूड, सामानसुमानासकट, कुरकुरत उभं राहिलं.

गॅरेजवालीनं लगबगीनं पुढं येऊन किल्ली तिच्यासमोर धरली.

ताईनं ती घेतली नाही. ती रडत होती. परत जावं असं तिला मनापासून वाटत होतं आणि जावंसं मुळीच वाटत नव्हतं. तिनं नाक पुसलं, गाडी धरली आणि हलकेच दुसऱ्या अंगावर आडवी केली.

"अहो, झालं की! पास झालात तुम्ही," गॅरेजवाली म्हणाली.

"ह्या कुशीवरून पण बघू दे," ताई म्हणाली. म्हणाली ती मराठीतच, त्या बाईला काय कळणार होतं!

बाकावर फोन पुन्हा वाजायला लागला. ताईनं गाडीकडं पाठ केली, गुडघे वाकवले आणि तो वाजू दिला.